शाखानिहाय थकबाकी याद्यांचे फॉरमॅटिंग आपोआप होण्यासाठी कोणते साधन घ्यावे?

कृष्णाकाठ
नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात काम करते. आमच्याकडे दर महिन्याला प्रत्येक शाखेची थकबाकी यादी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) स्वरूपात येते. ती एक्सेलमध्ये उघडली की कर्जखाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये नाहीशी होतात, तारखांत दिवस-महिन्याची अदलाबदल होते आणि रकमांना लाखाचे स्वल्पविराम मिळत नाहीत. हे सर्व दुरुस्त करून आणि ९० दिवसांहून अधिक थकीत खाती लाल रंगात दाखवून यादी संचालक मंडळापुढे ठेवायची असते. कार्यालयात एक्सेल २०१६ आहे, नवे सॉफ्टवेअर बसवण्यास सहसा परवानगी मिळत नाही, खर्च फार तर दोन हजार रुपये करता येईल आणि मला प्रोग्रॅमिंग येत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

जमाखर्च
मॅक्रो रेकॉर्ड करा, म्हणजे एकदा केलेल्या कृती एक्सेल नोंदवून ठेवते आणि पुन्हा आपोआप करते; दुसरे काहीही नको. आमच्या साखर कारखान्यात ऊसबिलांचे सर्व तक्ते मी मॅक्रोवर आणले आहेत आणि लेखा विभागात आजही तेच वापरतात. मात्र रेकॉर्डिंग सुरू करण्यापूर्वी 'सापेक्ष संदर्भ' (निवडलेल्या सेलपासून जागा मोजणे) हा पर्याय कुठे हवा आणि कुठे नको, हे ठरवून घ्या, कारण एका शाखेची यादी लहान असते, दुसरीची मोठी असते, आणि ठरावीक ओळींवर रेकॉर्ड केलेला मॅक्रो उरलेल्या ओळी तशाच सोडतो.

सह्यगिरी
मॅक्रोपेक्षा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा कितीतरी चांगली, आणि ती पूर्णपणे मोफत आहे. नवी फाइल तयार करायची असेल तर त्यातील एक्सएलएसएक्सरायटर हे तयार साधन घ्या. तयार फाइल उघडून बदलायची असेल तर ओपनपायएक्सएल घ्या, कारण पहिल्याला अस्तित्वात असलेली फाइल वाचता येत नाही. ओपनपायएक्सएलने उघडून पुन्हा जतन केलेल्या फाइलमधील रेखाकृती नाहीशा होतात, हे तेवढे लक्षात असू द्यावे. मी रंग, रुंदी आणि शीर्षओळ हे सर्व एकाच फंक्शनमध्ये लिहून ठेवले आहे.

घाटमाथा
त्यांना प्रोग्रॅमिंग येत नाही आणि नवे काही बसवताही येत नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे.

पैलतीर
आम्ही इथे म्युनिकच्या कार्यालयात मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या व्यावसायिक वर्गणीतील ऑफिस स्क्रिप्ट्स आणि पॉवर ऑटोमेट ही कामे आपोआप करणारी साधने वापरतो. फाइल ठरलेल्या फोल्डरमध्ये आली की पुढची प्रक्रिया आपोआप सुरू होते. संस्थेने एकदा हा खर्च करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

निवृत्तलेखनिक
मॅक्रोबद्दल माझा अनुभव कडू आहे. एका कार्यालयात ज्यांनी मॅक्रो लिहिला ते बदलून गेले आणि त्यानंतर एक स्तंभ वाढला तरी दुरुस्त करणारा कोणी राहिला नाही. शिवाय २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधील मॅक्रो मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या नव्या आवृत्त्यांत मुळातच रोखले जातात. मॅक्रोने केलेला बदल 'अनडू' करून मागे घेता येत नाही, तेव्हा मूळ प्रत नेहमी वेगळी ठेवावी.

रजनीगंधा
मूळ प्रश्न अजून कोणी हाताळलेला नाही. फॉरमॅटने आकडा कसा दिसतो तेवढेच बदलते, सेलमधील मूल्य बदलत नाही. सीएसव्हीवर दोनदा क्लिक करून ती उघडली त्याच क्षणी शून्ये गेलेली असतात, आणि खाते क्रमांक १५ अंकांहून मोठा असेल तर पुढच्या अंकांच्या जागी शून्ये येतात. नंतर कोणतेही साधन ते मूळ अंक परत आणू शकत नाही. तारखांचेही तसेच आहे. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर १२ तारखेपर्यंतच्या तारखा उलट वाचल्या जातात आणि १३ पासूनच्या केवळ मजकूर म्हणून उरतात. म्हणून फाइल 'डेटा' टॅबमधून आयात करा, आयात करतानाच खाते क्रमांकाला 'मजकूर' आणि तारखेला 'दिवस-महिना-वर्ष' असा प्रकार द्या, आणि मग हवा तर मॅक्रो चालवा.

घाटमाथा
रकमांसाठी हा सानुकूल फॉरमॅट द्या:
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

जमाखर्च
त्यात ऋण रकमा चुकतात. एका फॉरमॅटमध्ये दोनच अटी देता येतात, त्यामुळे ऋण रक्कम तिसऱ्या भागात जाते आणि लाखांवरची असेल तर पुन्हा मिलियनच्या पद्धतीने दिसते. विंडोजच्या प्रादेशिक मांडणीत भारतीय अंकगट निवडणे हाच खरा उपाय आहे.

घाटमाथा
तो उपाय त्या एका संगणकापुरता आहे; संचालकांनी तीच फाइल आपल्या संगणकावर उघडली तर तिथली मांडणी लागू होईल. थकबाकीच्या यादीत ऋण रक्कम येतेच कशाला?

जमाखर्च
आगाऊ हप्ता भरलेल्या खात्यांवर येऊ शकते.

निवृत्तलेखनिक
कोणताही मार्ग घ्या, परंतु शीर्षकासाठी सेल एकत्र जोडू नका. जोडलेल्या सेलमुळे क्रमवारी लावताना अडथळा येतो. त्याऐवजी 'निवडीच्या मध्यभागी' हा संरेखनाचा पर्याय वापरा. दिसायला तसेच दिसते.

दीपमाळ
मॅक्रोच करा. मीही तेच सुचवणार होते.

कृष्णाकाठ
सर्वांची मनापासून आभारी आहे. रजनीगंधाताईंचे म्हणणे वाचल्यावर मी आयातीचे पर्याय नीट पाहिले आणि एक्सेल २०१६ मध्ये पॉवर क्वेरी (फाइली आयात करून एकत्र करण्याचे साधन) आधीपासूनच असल्याचे लक्षात आले, म्हणून मॅक्रो, पायथन आणि वर्गणी हे तिन्ही बाजूला ठेवत आहे. सर्व शाखांच्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवून क्वेरीने त्यांची एकच यादी केली, आणि फाइलचे नावही स्तंभ म्हणून येत असल्यामुळे शाखा ओळखता येते. क्वेरीने आपणहून घातलेली प्रकार बदलण्याची पायरी काढून टाकून खाते क्रमांक मजकूर ठेवला आणि तारखेला भारतीय पद्धत निवडली. लाल रंगाचा नियम टेबलाच्या दिवसांच्या स्तंभावर अवलंबून ठेवला आहे, आणि टेबलाच्या गुणधर्मांत सेलचे फॉरमॅट जपण्याचा पर्याय सुरू असल्याने रिफ्रेश केल्यावरही रुंदी आणि रंग टिकतात. शाखानिहाय वेगळ्या शीट यापुढे करणार नाही. संचालकांना फिल्टर लावून पीडीएफ देईन, त्यामुळे स्वल्पविराम आमच्या संगणकावर दिसतात तसेच त्यांना दिसतील.

जमाखर्च
शाखाधिकाऱ्यांना स्वतंत्र शीट लागतीलच, आणि त्या वेळी मॅक्रो करावाच लागेल.

कृष्णाकाठ
त्यांनाही त्यांच्या शाखेची पीडीएफच पाठवणार आहे. व्यवस्थापकांची तशी संमती घेतली आहे.