जिनिव्हाचं कारंजं: ऊन असताना बंद का?

जिनिव्हा सरोवरातलं झे दो हे उंच कारंजं बघायला गेलेल्या अनेकांना प्रश्न पडतो की लख्ख ऊन असूनही ते बंद का होतं, पंप बिघडला होता का? बहुतेक वेळा कारण वारा असतो. दोन पंप मिळून सेकंदाला सुमारे ५०० लिटर पाणी साधारण १० सेंटीमीटरच्या तोटीतून ताशी २०० किलोमीटर वेगाने वर फेकतात. धार १४० मीटरपर्यंत जाते आणि कुठल्याही क्षणी जवळपास सात टन पाणी हवेत असतं. वारा जोरात असला किंवा दिशा फिरली की हे सगळं धक्क्यावर, रस्त्यावर येतं. म्हणून बंद करतात. कडाक्याच्या थंडीतही तेच, कारण पडलेल्या पाण्याचा धक्क्यावर बर्फ होतो.

धार पांढरी दिसते ती नुसत्या दिव्यांमुळे नाही. तोटीची रचनाच अशी आहे की पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळतात. साधी भरीव धार काचेसारखी दिसली असती, लांबून तर दिसलीच नसती.

आणि हे मुळात शोभेसाठी नव्हतंच! १८८६ मध्ये कारखान्यांना दाबाचं पाणी पुरवणारं केंद्र होतं. संध्याकाळी कारागीर यंत्रं बंद करायचे, नळांतला दाब एकदम चढायचा, तो सोडायला ही झडप. १८९१ मध्ये धार सरोवरात आणली. आजची उंची १९५१ पासूनची.

जवळून बघायचं असेल तर धक्क्यावर वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभे राहा. तरी कॅमेरा पिशवीतच बरा.