घरातला अँटेना आणि पडद्यावरच्या मुंग्या: तुमचे अनुभव सांगा

माहुलीची लेक: काल भाचा मोबाईल वर धरून खिडकीत उभा होता, रेंजसाठी. एकदम आबा आठवले. साताऱ्यात मंगळवार पेठेत राहायचो. मागच्या दारातून अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर समोर दिसायचा, तरी पडद्यावर प्रत्येक माणसाला सावली. घरमालक कौलांवर चढू देईनात, म्हणून टीव्हीवरच दोन शिंगांचा अँटेना. आबांनी शिंग धरलं की चित्र स्वच्छ, सोडलं की मुंग्या. रविवारची मालिका संपेस्तोवर ते तसेच उभे. त्यांना नीट बघायला कधी मिळालंच नाही, हे काल लक्षात आलं.

मिरजकर: आमची पत्र्याची खोली, आत काहीच येईना. चुलत्यांनी अँटेना खिडकीच्या गजाला बांधला, तर आणखी बिघडलं. शेवटी बांबूला बांधून दोन फूट बाहेर काढला. आलं की! चपटी वायर गजाला टेकली की परत गेलं.

सोल्डरगन: सांगलीत टीव्ही दुरुस्ती केलीय. ताई, सावलीचं कारण डोंगर. एक लहर सरळ येते, दुसरी डोंगरावर आपटून जरा उशिरा, म्हणून उजवीकडं फिकट दुसरं चित्र. टॉवर समोर असला तरी होतं. शिंगं आडवी करून हळूहळू फिरवायची, लोखंडी कपाटापासून लांब. ५ ते १२ नंबरच्या चॅनेलला एकेक शिंग ३५-४० सेंमी पुरे, लोक उगाच पूर्ण ओढायचे. आणि माणसाचं अंगही लहरी झेलतं, आबा खरंच अँटेना झाले होते.

कृष्णाकाठ: शेजारची गिरणी सुरू झाली की आडव्या रेघा. आई सांगून यायची, मामा, बातम्या होईस्तोवर थांबा. थांबायचे बिचारे.

शाहूपुरी: मंगळवार पेठ म्हणजे तळ्यापाशी का? माझी मावशी तिथंच.

माहुलीची लेक: व्हय, तळ्याच्या अलीकडं! मावशींचं आडनाव निरोपात कळवा.

तासगावची सून: आजेसासूबाईंकडं त्यातलं एक शिंग अजून आहे, पापड वाळत घातले की कावळे हाकलायला. आता घरात अँटेना लावून दूरदर्शन दिसेल का हो?

सोल्डरगन: नाही. २०२२ पर्यंत दूरदर्शनची जुनी प्रक्षेपण केंद्रं जवळपास सगळी बंद झाली. फ्री डिशची छत्री लावा, महिन्याचं भाडं नाही.

मिरजकर: ताई, आबा आहेत ना?

माहुलीची लेक: आहेत. आत्ताच विचारलं. म्हणाले, तुम्ही हसला की मला कळायचं काय चाललंय ते.

तासगावची सून: डोळे भरले. तव्यावर भाकरी आहे, नंतर येते.