मदत हवी आहे : ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी बालहक्क करार कसा वापरावा?

नमस्कार. दिवाळी सरली की आमच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, ट्रॅक्टरवर भांड्याकुंड्यांसोबत मुलेही जातात आणि शाळेच्या हजेरीपटावर त्यांची नावे तेवढी उरतात. भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातील कलम २८ शिक्षणाचा, तर कलम ३२ आर्थिक शोषणापासून संरक्षणाचा हक्क देते. मात्र कराराच्या पालनावर देखरेख करणाऱ्या जिनिव्हातील समितीकडे थेट तक्रारीची मुभा देणाऱ्या प्रोटोकॉलला (पूरक कराराला) आपण मान्यता दिलेली नसल्याने ती वाट बंदच आहे. उरतो तो स्वयंसेवी संस्थांनी समितीला पर्यायी अहवाल (सरकारी अहवालाखेरीज स्वतंत्र अहवाल) पाठवण्याचा मार्ग. पालक ऊसतोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवणारे हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू न होण्यासारख्या गावपातळीवरील नोंदी त्यात कशा मांडाव्यात? तसेच राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अर्ज करताना या कलमांचा आधार कोणी घेतला आहे का? जाणकारांनी, विशेषतः वकील मंडळींनी, कृपया मार्गदर्शन करावे.