रविवारची उपासना रीना घेणार?

सुनीताआत्या: सगळ्यांना सलाम. रविवारी उपासना रीना घेणार हे मला भाजीवालीजवळ उभं असताना शेजारणीकडून कळतंय. पहिला रविवार आहे, प्रभुभोजनाचं, भाकर-प्याल्याचं काय??

विजूकाका: सलाम ताई. पाळकसाहेबांना डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय. नेरूळच्या पाळकांकडे तिकडच्याच दोन उपासना, त्यात ट्रान्स हार्बरला मेगाब्लॉक. प्रभुभोजन पुढे ढकललंय, उपासना होणार

प्रमोददादा: १ पेत्र २:९ वाचा सगळ्यांनी. राजकीय याजकगण, म्हणजे सगळेच विश्वासणारे याजक!

सुनीताआत्या: वाचलंय रे. मग उद्या भाकर आणि प्याला पण घेशील हातात

प्रमोददादा: तसं कोण म्हणालं

रीना: आत्या प्रभुभोजन पाळकाशिवाय होत नाही, मला माहितीये. पापक्षमेची घोषणा पण पाळकांचीच, ती नाही करणार, कबुलीनंतर आपल्या सगळ्यांसाठी क्षमा मागणार. मी पाळक नाही म्हणून शेवटी आशीर्वाद देताना "तुम्हा सर्वांबरोबर" न म्हणता "आपणा सर्वांबरोबर असो" म्हणायचं. संदेश पाळकसाहेबांनी लिहून दिलाय तोच वाचणार

अशोकमामा: वाचलेला संदेश म्हणजे निवलेला चहा 😄

सुनीताआत्या: अशोकभाऊ तुम्ही शेवटच्या बाकावर डोळे मिटून असता, तुम्हाला काय गरम काय गार

सॅमी: कीबोर्डचा अडॅप्टर कोणाकडे आहे, नाताळनंतर प्रमोददादाने नेला होता

प्रमोददादा: मी नेला नाही, हा विषय परत नको. १ पेत्र २:९

आजी (सॅमीने टाईप केलं): नगरकडं आमच्या गावात मिशनच्या शाळेचे मास्तरच दर रविवारी उपासना घ्यायचे, पाळक पावसाळ्यात तर यायचेच नाहीत. आले की बाप्तिस्मे, प्रभुभोजन सगळं एकाच दिवशी. मधल्या दिवसांत मंडळी मास्तरांनीच धरून ठेवली

विजूकाका: ताई तुझं सासर एसपीजीचं, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन मिशनचं, तिकडे सगळं उपासनेच्या पुस्तकाप्रमाणे. आपण अमेरिकन मराठी मिशनवाले. १९७० ला सहा मंडळ्या मिळून सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) एकच झाली, आपल्या घरात मात्र अजून दोन वेगळ्याच आहेत

सुनीताआत्या: सासर मध्ये आणू नकोस विजू. आई म्हणते ते खरं आहे, माझा विरोध उपासनेला नाहीच. इतकी वर्षं शास्त्रवाचन मी करते, कमिटीत ठरलं तर मला एक फोन नाही करता येत?

प्रमोददादा: १ पेत्र २:९

सुनीताआत्या: प्रमोद बस!!

रीना: आत्या फोन मी करायला हवा होता असं काकांना वाटलं, मला वाटलं ते करतील. जुन्या करारातलं वाचन तूच कर ना, यशया ४०, २७ पासून

सुनीताआत्या: ३१ पर्यंत ना. करते. माईक आधी तपासून ठेव, आणि साडेआठ म्हणजे साडेआठला सुरू करायचं, मेगाब्लॉक असला तरी