मोबाईलचा हॉटस्पॉट बाकीच्या फोनला दिसतोय, लॅपटॉपलाच दिसत नाही

वारणाकाठ
नमस्कार मंडळी, मी शिराळा तालुक्यात आरळ्याच्या पुढं राहते, घरी बसून चार-पाच दुकानदारांचे हिशोब बघते, टॅली आणि जीएसटीची कामं. आमच्याकडं केबलचं नेट आहे पण लाईट गेली की ते पण जातं, घरातल्या राऊटरला इन्व्हर्टर लावला तरी उपयोग नाही कारण मधल्या खांबावरच्या पेटीला लाईट नसते. म्हणून मोबाईलवरून लॅपटॉपला नेट द्यायचं ठरवलं. फोन नवीन आहे, फाईव्हजी वाला. लॅपटॉप जुना, विंडोज १० आहे. आता गंमत अशी की हॉटस्पॉट चालू केला की भावाच्या फोनवर लगेच दिसतो, आईच्या फोनवर दिसतो, पण लॅपटॉपच्या यादीत नावच येत नाही. शेजाऱ्यांचं वायफाय मात्र लॅपटॉपला दिसतं म्हणजे लॅपटॉपचं वायफाय खराब नाही ना? ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचे रिटर्न भरायचे आहेत, कुणाला माहीत असेल तर सांगा प्लीज. फोनला केबल लावून लॅपटॉपला जोडायचं नको आहे कारण फोनला रेंज फक्त माडीवरच्या खिडकीत येते आणि मी खाली सोप्यात बसते.

सांगलीचा मेकॅनिक
ताई, लॅपटॉप खराब नाही, त्याला फोडाफोडी करायला कुणाकडं देऊ नका. हा बँडचा, म्हणजे वायफाय ज्या लहरींवर चालतं त्या पट्ट्याचा प्रॉब्लेम आहे. नवीन फोन हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर सोडतो आणि जुन्या लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड बऱ्याचदा फक्त २.४ गिगाहर्ट्झचंच असतं, मग त्याला ते नेटवर्क ऐकूच येत नाही, यादीत कुठून येणार. शेजाऱ्यांचा राऊटर २.४ वर पण चालतो म्हणून तो दिसतोय.
फोनच्या सेटिंगमध्ये जा, हॉटस्पॉट अँड टिथरिंग, त्यात वायफाय हॉटस्पॉट, त्यात आत कुठंतरी बँड असं लिहिलेलं असेल, काही फोनमध्ये ते ॲडव्हान्स्डच्या खाली लपवलेलं असतं. तिथं २.४ निवडा. काही अँड्रॉइडमध्ये बँड न लिहिता एक्स्टेंड कम्पॅटिबिलिटी असं बटण असतं, ते चालू करायचं, काम तेच. आयफोन असेल तर मॅक्सिमाईझ कम्पॅटिबिलिटी.
तरी पण नाही झालं किंवा दिसतंय पण पासवर्ड बरोबर टाकून जोडत नाही असं झालं, तर तिथंच सिक्युरिटी बघा. डब्ल्यूपीए३ (पासवर्डच्या सुरक्षेची नवी पद्धत) असेल तर डब्ल्यूपीए२ (आधीची) करा, जुन्या कार्डाच्या ड्रायव्हरला ३ कळत नाही. सिक्युरिटी बंद करून उघडा हॉटस्पॉट मात्र कधीच ठेवू नका, लोकांचे जीएसटीचे पासवर्ड तुमच्याकडं आहेत.
कार्ड कुठलं आहे ते बघायचं असेल तर डिव्हाईस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॅप्टर उघडा, नावात एसी किंवा ड्युअल बँड असं काही असेल तर ५ चालतं, नुसतं बी जी एन (वायफायचे जुने प्रकार) असेल तर बहुतेक २.४च.

पाटण खोरं
वर दादांनी बरोबर सांगितलंय. आणि तुमच्या घराच्या बाबतीत २.४च चांगलं, कारण ते भिंतीतून जास्त जातं, ५ चा वेग जास्त पण भिंत आली की गळपटतो. आमचं घर कोयनेच्या बाजूला, जुनं दगडमातीचं, भिंती हातभर जाड. आम्ही फोन माडीवर खिडकीच्या कोनाड्यात ठेवतो आणि लॅपटॉप खाली, मधे फक्त लाकडी तक्तपोशी, तिथून चांगलं उतरतं. तोच फोन शेजारच्या खोलीत नेला की भिंतीपलीकडं गायब. म्हणजे लॅपटॉपच्या बरोबर वर येईल अशी खिडकी धरा. रेंज फोनला लागते, लॅपटॉपला नाही, हे आमच्याकडं अजून लोकांना पटत नाही, फोन मांडीवर घेऊन बसतात आणि नेट नाही म्हणतात.
दोन गोष्टी सांभाळा. एक, उन्हात ठेवू नका, हॉटस्पॉटनं फोन आधीच तापतो त्यात ऊन, मग तो स्वतःच चार्जिंग थांबवतो नाहीतर हॉटस्पॉट बंद करतो. कव्हर काढून सावलीत ठेवा. दुसरं, हॉटस्पॉटमध्ये आपोआप बंद व्हायची वेळ असते, कुणी जोडलेलं नसलं की काही मिनिटांनी बंद होतो, म्हणजे लॅपटॉप झोपला की परत माडी चढा. ते सेटिंग बंद करून टाका आणि चार्जर लावून ठेवा.

मिरज जंक्शन
ब्लूटूथवरून पण होतं की. फोन आणि लॅपटॉप पेअर करा, फोनमध्ये ब्लूटूथ टिथरिंग चालू करा, मग लॅपटॉपवर डिव्हाईसेस अँड प्रिंटर्समध्ये फोनवर राईट क्लिक करून कनेक्ट युजिंग, ॲक्सेस पॉईंट. बॅटरी कमी खातं. जीएसटीचा फॉर्म भरायला पुरतं.

सांगलीचा मेकॅनिक
पुरतं पण एक-दोन एमबीपीएसच्या वर मिळत नाही आणि माडीवरून खाली येणार नाही. फोन टेबलावर असेल तर ठीक.

वारणाकाठ
दिसला!! बँड २.४ केला आणि लगेच यादीत आला. लई आभार. फोन माडीवरच्या खिडकीतच ठेवलाय आणि खाली दोन काड्या येतात, पोर्टल उघडतंय. पण आता दुसरंच झालंय, रोजचा दीड जीबी दुपारच्या आत संपला, मी तर फक्त टॅली आणि पोर्टल उघडलं होतं, एक व्हिडिओ पण बघितला नाही. संपल्यावर ६४ केबीपीएसवर आलं, त्यात पोर्टलचं पान पण उघडत नाही. कोण खातंय हे?

पाटण खोरं
विंडोज खातंय. त्याला वाटतं हे घरचं वायफाय आहे, फुकटचं आहे, मग मागं अपडेट उतरवत बसतं, वनड्राईव्ह फोटो चढवत बसतं. त्याला सांगावं लागतं की हे मोजून मिळणारं नेट आहे. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, तुमच्या हॉटस्पॉटच्या नावावर क्लिक करा, खाली सेट ॲज मीटर्ड कनेक्शन, ते ऑन. झालं, मोठे अपडेट थांबतात. हे प्रत्येक नावाला वेगळं असतं, उद्या हॉटस्पॉटचं नाव बदललंत तर परत करावं लागेल. अपडेट कायमचं बंद ठेवू नका मात्र, केबलचं नेट आलं की त्यावर करून घ्या, लोकांचे हिशोब आहेत त्या मशीनवर.

सांगलीचा मेकॅनिक
त्याच पानाजवळ डेटा युसेज आहे, कुठल्या ॲपनं किती खाल्लं ते नावासकट दिसतं, ते एकदा बघाच. अजून एक, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन म्हणून असतं, तुमचा लॅपटॉप उतरवलेले अपडेट दुसऱ्यांच्या मशीनला पाठवतो, ते बंद करा. आणि ब्राऊझर मागं उघडा ठेवून त्यात मेल, व्हॉट्सॲप वेब, दहा टॅब असलं नको. फोनमधला डेटा सेव्हर चालू करू नका हं, कुणीतरी सांगेल तो लावा म्हणून, पण तो लावला की अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच बंद पडतो.

वारणाकाठ
डेटा युसेजमध्ये बघितलं, सिस्टीम म्हणून एकानंच जीबीभर खाल्लाय, तेच अपडेट असणार. मीटर्ड केलंय आता. शेवटचं एक विचारते, दुकानदारांचा फोन आला की बोलणं होईपर्यंत लॅपटॉपचं नेट थांबतं, ठेवला की परत चालू. रिटर्नच्या मधेच असं झालं की सगळं परत भरावं लागतं. फोनमध्ये दोन सिम आहेत, नेट एकावर आणि लोकांकडं नंबर दुसरा आहे.

सांगलीचा मेकॅनिक
त्याचंच कारण आहे. बऱ्याच दोन सिमच्या फोनमध्ये एका सिमवर बोलणं चालू असलं की दुसऱ्याचा डेटा थांबतो. सिमच्या सेटिंगमध्ये कॉलच्या वेळी डेटा दुसऱ्या सिमवर नेणारं बटण असतं, तुमच्यात आहे का बघा, पण त्या सिमवर पण पॅक पाहिजे. नाहीतर ज्या नंबरवर फोन येतात त्याच सिमवर नेटचा पॅक मारा आणि व्हीओएलटीई (फोरजीवरूनच बोलणं) चालू ठेवा, मग बोलताना पण नेट चालतं. आत्ता ११ तारखेपर्यंत घाई असेल तर रिटर्न भरताना दुसरं सिम सेटिंगमधून तात्पुरतं बंद करा, भरून झालं की चालू.

वारणाकाठ
ते बटण आहे माझ्यात, पण त्या सिमवर पॅक नाही. आज तात्पुरतं बंद करते आणि पुढच्या रिचार्जला पॅक त्याच नंबरवर मारते. भावाला पण हे सगळं दाखवते, त्याचा लॅपटॉप पण असाच जुना आहे.