लॅब रिपोर्ट खोटं बोलत नाही म्हणे!

बार्शीकर: काल एकाने इथे लिहिलंय, साक्षीदार फुटतात, रिपोर्ट फुटत नाही, रिपोर्ट आला की सरळ लटकवा. डोकंच सणकलं. टेक्सासचा विलिंगहॅम आठवतोय का? 1991 च्या नाताळाआधी दोन दिवस घर जळालं, तीन लहान पोरी गेल्या, तपासनिसांनी जमिनीवरचे डबक्यासारखे डाग आणि काचेवरच्या जाळीसारख्या चिरा बघितल्या आणि ठरवलं, बापानेच काहीतरी ओतून पेटवलं. अहो, फ्लॅशओव्हर होऊन अख्खी खोली एकदम पेटली की तसेच डाग पडतात, आणि काचेचं म्हणाल तर कंदिलाच्या तापल्या काचेवर पाण्याचा शिंतोडा उडाला की काय होतं? तेच, फक्त इथे बंबाचं पाणी. हर्स्ट नावाच्या शास्त्रज्ञाने फाशीआधी हे लिहून दिलं होतं, तरी 17 फेब्रुवारी 2004 ला विषाचं इंजेक्शन देऊन मारलंच.

नाना सांगलीकर: अर्धीच गोष्ट सांगताय. जेलमधल्या कैद्यापाशी त्याने कबुली दिली होती. आणि पोरी आत असताना हा बाबा गाडी बाजूला ढकलत होता! कुठला बाप असं करेल?

बार्शीकर: तो कैदी नंतर फिरला, नाना. तुमचाच नियम, साक्षीदार फुटतात 😀

मीनल: कुठला बाप काय करेल हे घरी बसून नका ठरवू. आमच्या काकांचं कापडाचं दुकान जळत होतं तेव्हा ते समोरच्या टपरीवर सुन्न बसून चहा पीत होते, दोन कप. विम्याच्या माणसाने 'मालक शांत होता' एवढं लिहून क्लेम तीन वर्षं लटकवला. निघालं काय, तर मीटरपाशी शॉर्टसर्किट.

नाना सांगलीकर: दुकान आणि पोरी एक का? काहीही.

मीनल: एक कुठे म्हटलं? धक्का बसलेला माणूस कसाही वागतो एवढंच म्हणतेय, नीट वाचा तरी.

गौरी: लॅबवर घसरण्याआधी एक ऐका, मी तिथे नोकरी केलीय. व्हिसेराच्या, म्हणजे शवविच्छेदनात तपासणीसाठी काढलेल्या अवयवांच्या, बरण्या पोलीस ठाण्यातच महिनोन्‌महिने पडून, सील पुसट, लेबल अर्धं फाटलेलं, आणि आम्हालाच वर विचारणार रिपोर्टला उशीर का.

बार्शीकर: मान्य, पण पुण्याच्या कोर्टाने 2008 ला ब्रेन मॅपिंग, म्हणजे मेंदूच्या लहरींवरून गुन्हा आठवतोय का ते ठरवणारी टेस्ट, धरून जन्मठेप दिली, त्यात बरणी कुठे होती? 2010 ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, असल्या टेस्ट जबरदस्तीने करायच्या नाहीत.

नाना सांगलीकर: बरं बाबा, आगीचा रिपोर्ट चुकला, तुम्ही सगळे शास्त्रज्ञ. गाडीचं मला अजून पटलेलं नाही. मीनलताई, काकांना पैसे मिळाले का शेवटी?

मीनल: निम्मे.