क्वारंटाईन: विलगीकरण, अलगीकरण की कोंडवाडा?

मुंगीघाट:
एका पतसंस्थेचं संगणकाचं काम माझ्याकडे आहे. त्यांच्या मेल सर्व्हरपुढे प्रॉक्समॉक्स मेल गेटवे बसवला. बाहेरून आलेली मेल आधी तिथे थांबते, स्पॅमअ‍ॅसॅसिन आणि क्लॅमएव्ही ही स्पॅम आणि व्हायरस हुडकणारी सॉफ्टवेअरं तिला चाळतात, मगच आत सोडतात. सगळी देखरेख ब्राउझरमधून, ८००६ पोर्टवर (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं क्रमांकाचं दार). संशयित मेल क्वारंटाईनमध्ये पडते. ज्याची त्याला रोज यादी जाते आणि कामाची मेल ज्याने त्याने सोडवून घ्यायची.

यासाठी कर्मचाऱ्यांना मराठी माहितीपत्रक द्यायचंय. मी 'विलगीकरण' लिहिलं. व्यवस्थापकांनी लाल पेनाने खोडून 'अलगीकरण' केलं. वसुली विभागातल्या मॅडमनी दोन्ही वाचून मला फोन केला, "म्हणजे माझ्या कॉम्प्युटरला काही झालंय का?" पडद्यावर इंग्रजीच राहणार आहे. पत्रकात काय लिहू?

बोरू:
व्यवस्थापकांचं बरोबर आहे. करोनात सरकारी मराठीत दोन्ही शब्द आले आणि त्यांत फरक होता. लागण झालेल्याचं विलगीकरण, नुसता संपर्क आलेल्याचं अलगीकरण. तुमची मेल संशयित आहे, दोषी ठरलेली नाही. म्हणून अलगीकरण. एवढा काटेकोरपणा पाळायला काय हरकत आहे?

तिखटमीठ:
फरक फायलीत होता हो. मार्च २०२० मध्ये लोकांच्या डाव्या हातावर शिक्का मारत होते, त्याला गावात 'कोरंटाईनचा शिक्का' म्हणायचे. मुंबईहून आलेल्यांना झेडपीच्या शाळेत ठेवलं तर 'शाळेत कोरंटाईन केलंय'. आमच्या आत्याने शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, तिलाही तो शब्द कळत होता. विलगीकरण आणि अलगीकरण यांतला फरक इथे हात वर करून किती जण सांगतील?

जुनी_वही:
क्वारंटाईन म्हणजे मुळात चाळीस. व्हेनिसच्या बोलीत 'क्वारांता'. बंदरात आलेलं जहाज प्लेगच्या भीतीने तितके दिवस बाहेर उभं करायचे. त्याआधी रागुसाने, म्हणजे आजच्या दुब्रोव्निकने, १३७७ मध्ये केलेल्या नियमात तीसच दिवस होते. मुंगीघाट, तुमच्याकडे मेल किती दिवस ठेवतात?

मुंगीघाट:
मूळ ठेवण ७ दिवसांची आहे, वाढवता येते. मुदत संपली की मेल आपोआप पुसली जाते.

कऱ्हाकाठ:
सात दिवस, मालकाने ओळख पटवून सोडवून न्यायचं, नाही नेलं तर विल्हेवाट. अहो, हा कोंडवाडा आहे! मोकाट गुरं पंचायत कोंडून ठेवते, मालक येतो, दंड भरतो, म्हैस घेऊन जातो. १८७१ च्या कायद्यातही सात दिवसांत कोणी आलं नाही तर पोलिस ठाण्याला कळवा, नोटीस लावा आणि मग लिलाव, असंच आहे. मी लहानपणी आमची गाय सोडवायला आजोबांबरोबर गेलोय. कोंडवाडेवाला आधी खुणा विचारायचा: शिंग कुठलं मोडलंय, कपाळावर पांढरं आहे का. तुमच्या यादीत पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि तारीख असते ना? त्या खुणाच. 'तुमच्या ४ मेल कोंडवाड्यात आहेत' लिहा. कोणी फोन करणार नाही.

बोरू:
कऱ्हाकाठ, तुमची गाय डोळ्यांपुढे उभी राहिली, पण ठेवीदारांची पत्रं जिथे येतात तिथे कोंडवाडा लिहायचा? भाषेला काही पायरी असते. शिवछत्रपतींनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो काय उगाच? सावरकरांनी 'महापौर' दिला तेव्हाही लोक हसले असतील. आज मेयर कोण म्हणतं?

तिखटमीठ:
कोश करवून घेतला हे खरंच. आणि साडेतीनशे वर्षांनी आपण 'अर्ज' करतो, 'हजर' राहतो, 'दप्तर' उघडतो. महापौर टिकला कारण दर निवडणुकीत पेपरात छापून येतो. अलगीकरणाला कोण निवडून देणार?

मुंगीघाट:
थोडं मध्ये बोलतो. कोंडवाडा मला आवडलाय, पण तो अर्ध्यालाच बसतो. स्पॅमची कोठडी वेगळी आणि व्हायरसची वेगळी. स्पॅममधलं माणूस स्वतः सोडवू शकतो. व्हायरसवाली मेल कर्मचाऱ्याला दिसतच नाही, ती फक्त अ‍ॅडमिन किंवा क्वारंटाईन मॅनेजर बघू शकतो. दोन्हींना एकच शब्द लावला तर लोक व्हायरससुद्धा सोडवून मागतील.

बोरू:
मग झालंच की! व्हायरसला विलगीकरण, स्पॅमला अलगीकरण. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.

तिखटमीठ:
आणि मॅडम परत फोन करणार.

मुंगीघाट:
आणखी एक खोच आहे. कन्सोलमध्ये, म्हणजे देखरेखीच्या त्या पडद्यावर, कोणाला काय दिसावं याच्या भूमिका ठरवाव्या लागतात. त्यांतली एक 'ऑडिटर'. तिला सेटिंग, लॉग आणि आकडेवारी नुसती बघता येते, बदलता काही येत नाही. मी सवयीने 'लेखापरीक्षक' लिहून बसलो असतो, तर पतसंस्थेत केवढा गोंधळ! तिथे खरेखुरे लेखापरीक्षक दरवर्षी येतात.

सूतकताई:
'बघ्या' लिहा. मी इचलकरंजीची. तुमच्या 'ट्रॅकिंग सेंटर'ला काय करणार तेही ठरवा. हरवलेल्या मेलचा माग काढायचा म्हणून 'मागकेंद्र' केलंत, तर आमच्याकडचे लोक विचारतील की साधे माग आहेत का ऑटोलूम.

मुंगीघाट:
हाहा, ते सोडलं. 'मेल कुठे पोचली ते पाहा' एवढंच लिहितो. पाठवणारा, घेणारा आणि वेळ टाकली की त्या मेलची एकेक नोंद उलगडते.

दस्तुरखुद्द:
मी महसुलात नोकरी केली, म्हणून सांगते. तुम्ही नवीन शब्द कशाला शोधताय? कचेरीत 'बारनिशी' असते. आलेला कागद बारनिशीत पडतो, क्रमांक लागतो, मग टेबलाला जातो. तुमचा गेटवे म्हणजे बारनिशीच. आवक-जावक तिथेच.

मुंगीघाट:
आवक-जावक तर अगदी बसतं! गेटवेला बाहेरची मेल २५ पोर्टवर येते आणि आतल्या सर्व्हरने बाहेर धाडायची ती २६ वर द्यायची. तो सर्व्हर चुकून २५ कडे वळवला तर आपल्याच माणसांची मेल परक्यासारखी तपासली जाते. पत्रकात '२५ आवक, २६ जावक' टाकतो.

जुनी_वही:
बारनिशीतलं 'नीस' फारसी 'नवीस'वरून, म्हणजे लिहिणारा. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सगळे त्याच घरातले. 'बार' मात्र मला वाटतं ओझं या अर्थाचा असावा. आलेल्या मालाची नोंद.

दस्तुरखुद्द:
आमचे अव्वल कारकून 'बार म्हणजे दार' म्हणायचे. दरबारातला बार.

जुनी_वही:
दरबारात 'दर' म्हणजे दार, बाई. बार नव्हे.

दस्तुरखुद्द:
अव्वल कारकुनांना कोण सांगणार ते!

कऱ्हाकाठ:
मुंगीघाट, 'बाउन्स'ला, म्हणजे न पोचता माघारी फिरलेल्या मेलला, काय केलंत? 'परत आलेली' लिहू नका, रिप्लायसुद्धा परत आलेलाच असतो. चेक वटत नाही, तशी 'न वटलेली मेल' म्हणा.

मुंगीघाट:
'न वटलेली' पतसंस्थेत एका फटक्यात कळेल. मात्र सगळी अडलेली मेल न वटलेली नसते. समोरच्या सर्व्हरने ४ ने सुरू होणारा आकडा दिला तर तात्पुरता नकार, ५ ने दिला तर कायमचा. तात्पुरत्या नकाराची मेल रांगेत राहते, गेटवेतला मेल धाडणारा प्रोग्राम, पोस्टफिक्स, पुन्हा पुन्हा पाठवून बघतो आणि मूळ ठेवणीनुसार ५ दिवसांनी हात टेकतो. कन्सोलमध्ये ही रांग दिसते. तिला 'खोळंबलेल्या मेल' म्हणतोय. ग्रेलिस्टिंगला मात्र काहीच सुचत नाही. अनोळखी सर्व्हरला पहिल्यांदा मुद्दाम तात्पुरता नकार द्यायचा. सरळ सर्व्हर थोड्या वेळाने परत येतो, स्पॅमवाले बरेचसे फिरकत नाहीत.

दस्तुरखुद्द:
'उद्या या'. आमच्या खिडकीवर हे तंत्र कॉम्प्युटर यायच्या आधीपासून होतं.

बोरू:
'करडी यादी' हा सरळ शब्द असताना थट्टा कशाला? आणि मुंगीघाट, तुम्ही 'ती मेल' लिहिताय. 'तो मेल' की 'ते ईमेल' हे आधी ठरवा. पत्रकात लिंग डळमळीत नको.

सूतकताई:
आमच्याकडे मेल 'आला'.

कऱ्हाकाठ:
आली. पंजाब मेल सुटली म्हणतो ना आपण?

वऱ्हाडी_ठसका:
ती गाडी आहे भाऊ, म्हणून सुटली. नागपुरात मेल 'आला' असाच असते. हिंदीचा परिणाम म्हणू नका, हिंदीवालेसुद्धा यावर भांडतात.

बोरू:
ईमेल म्हणजे पत्र. पत्र नपुंसकलिंगी. म्हणून 'ते'.

सूतकताई:
चिठ्ठी पण पत्रच की हो. मग 'ते चिठ्ठी' म्हणू का?